संगणकीय सुसंगती आणि मराठी कार्यालय : विठ्ठलवाडी-कल्याण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

गोषवारा

संगणकाच्या इतिहासात वेग, किंमत आणि आकार यांची चर्चा पुष्कळ होते. जुन्या व नव्या यंत्रांचे परस्परांशी जुळणे, म्हणजेच सुसंगती, हा विषय मात्र तंत्रज्ञांवर सोपवला जातो. मराठीतून कारभार करणाऱ्या लहान कार्यालयांच्या दृष्टीने सुसंगतीचा प्रश्न मुळात नोंदींच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आयबीएम-सुसंगत वैयक्तिक संगणक, जिस्ट कार्ड, इस्की संकेतप्रणाली, खाजगी फाँट आणि युनिकोड या टप्प्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन तपासले आहे.

बीजसंज्ञा : हार्डवेअर सुसंगती, जिस्ट, इस्की, युनिकोड, फाँट, कार्यालयीन नोंदी.

१. प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याण सोडल्यानंतरचे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. या परिसरात कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महानगरपालिकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. शहाड आणि डोंबिवली येथील मोठे कारखाने, त्यांच्या आश्रयाने वाढलेले लहान उद्योग, उल्हासनगरची व्यापारी पेठ, पतसंस्था, शाळा-महाविद्यालये आणि नगरपालिकेची कार्यालये असा हा मिश्र पट्टा आहे. मोठ्या यंत्रालयाचा किंवा तंत्रज्ञांच्या फौजेचा आधार नसलेल्या अशा कार्यालयांत संगणक कसा रुजला, हे पाहण्यास तो सोयीचा ठरतो.

या मार्गावरून रोज प्रवास करणाऱ्याला सुसंगतीचे एक मोठे उदाहरण परिचयाचे आहे, जरी त्याने त्याला ते नाव दिले नसले तरी. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली उपनगरी गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली आणि पुढे हीच पद्धत साऱ्या उपनगरी जाळ्यात रूढ झाली. या शतकात ती बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले व मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ साली पूर्ण झाले. मधल्या काळात काही भाग जुन्या दाबावर आणि काही नव्या दाबावर होता. तरीही सेवा चालू राहिली, कारण दोन्ही दाबांवर धावू शकणाऱ्या गाड्या आधी तयार करून घेतल्या गेल्या. संक्रमणकाळाची अशी तरतूद संगणकाच्या बाबतीत झाली काय, आणि न झाल्यास तिची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) सुसंगती या संकल्पनेचा व्यावसायिक संगणनातील उगम स्पष्ट करणे, (आ) देवनागरी लिपीच्या संदर्भात हार्डवेअर सुसंगतीचे स्वरूप उलगडणे, (इ) बदलत्या यंत्रसामग्रीमुळे मराठी नोंदींवर झालेल्या परिणामांचा विचार करणे, (ई) आजच्या कार्यालयांसाठी त्यातून निघणारा बोध मांडणे. लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. सुसंगती या कल्पनेचा उगम

आरंभीच्या काळात प्रत्येक संगणक म्हणजे स्वतंत्र संस्थान होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक तेथील शास्त्रज्ञांनी स्वतः घडवला होता. त्यासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा चालावा, अशी अपेक्षाच नव्हती. व्यापारी जगातही मोठे यंत्र घेतले की आधीचे कार्यक्रम पुन्हा लिहावे लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली. लहान यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम त्याच मालिकेतील मोठ्या यंत्रावर चालेल, हे तिचे मुख्य आश्वासन होते. आठ बिटांचा एक बाइट ही मोजणीही या मालिकेमुळे सर्वमान्य झाली. एका बाइटमध्ये २५६ भिन्न संकेत मावतात. ही संख्या पुढे देवनागरीच्या भवितव्याशी जोडली गेली, म्हणून तिची नोंद येथे घेणे आवश्यक आहे.

भारतात मात्र संगणकाकडे पाहण्याची दृष्टी साशंक होती. कार्यालयांत स्वयंचलन आणल्यास रोजगार जाईल, ही भीती कामगार संघटनांनी तीव्रतेने मांडली. केंद्र सरकारने १९६९ साली नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरता घेतला. ग्राहकांकडे असलेल्या तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सरकारी क्षेत्रातील सीएमसी या कंपनीकडे आले. पुरवठादार गेला तरी यंत्र चालवावे लागते, हा धडा भारतीय कार्यालयांना त्यावेळी प्रथम मिळाला.

४. आयबीएम-सुसंगत संगणक आणि जुळणीची पेठ

१२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. वेळ वाचावा म्हणून कंपनीने त्यात बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरले होते आणि त्याची रचना खुली ठेवली होती. यंत्राच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, रिकाम्या खाचा असत. बाहेरच्या कोणत्याही उत्पादकाने बनवलेले कार्ड त्या खाचांत बसवता येई. कंपनीचे खास असे काही असेल तर ते यंत्र सुरू होताना चालणारी 'बायोस' ही मूळ आज्ञावली. १९८२-८४ या काळात इतर कंपन्यांनी तिची कायदेशीर प्रतिरूपे तयार केली आणि 'आयबीएम-सुसंगत' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. १९८४ मध्ये आलेल्या 'एटी' प्रतिमानाची विस्तार-खाच पुढे 'आयसा' या नावाने ओळखली जाऊ लागली.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. सुट्या भागांची आयात सुलभ झाली आणि देशी कंपन्या आयबीएम-सुसंगत संगणक विकू लागल्या. त्याच वर्षी डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. नव्वदच्या दशकात मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला 'असेंबल्ड' संगणक उपनगरांतील दुकानांत, सनदी लेखापालांच्या कार्यालयांत आणि शिकवणी वर्गांत पोचला.

या जुळणीच्या धंद्यात सुसंगती ही रोजची व्यावहारिक बाब होती. जुन्या 'एटी' पद्धतीच्या वीजपुरवठ्यातून मदरबोर्डकडे दोन स्वतंत्र जोडण्या जात. दोन्ही जोडण्यांच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी येतील अशाच रीतीने त्या लावाव्या लागत. उलट लावल्यास फलक जळण्याचा धोका असे. १९९५ मध्ये आलेल्या 'एटीएक्स' पद्धतीत एकच जोडणी आली आणि ती उलटी बसूच शकत नाही, अशी तिची घडण होती. स्मृतिपट्ट्यांचीही तीच कथा. 'सिम' गेल्या, 'डिम' आल्या, पुढे 'डीडीआर'च्या पिढ्या आल्या. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरची खाच वेगळ्या ठिकाणी ठेवली गेली, जेणेकरून चुकीची पट्टी चुकीच्या फलकात शिरू नये. यंत्ररचनाकारांनी असंगती अशा प्रकारे डोळ्यांना दिसेल अशी केली होती. देवनागरी मजकुराच्या बाबतीत मात्र असंगती दिसत नव्हती, आणि हाच पुढील अडचणींचा गाभा ठरला.

५. जिस्ट कार्ड : देवनागरीचे हार्डवेअर उत्तर

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी झाली होती. कार्यालयांत मराठी टंकलेखन यंत्रे होती आणि ती चालवणारा कुशल वर्गही होता. संगणक मात्र इंग्रजी जाणत होता. त्याची मूळ संकेतप्रणाली 'आस्की' ही सात बिटांची, १२८ चिन्हांची होती. त्यात रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांनाच जागा होती.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सत्तरच्या दशकापासून भारतीय लिप्यांवर संशोधन चालू होते. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. महासंगणकाची निर्मिती हे या केंद्राचे मुख्य उद्दिष्ट होते. त्याच्याच छायेत कानपूरचे लिपीतंत्रज्ञान 'जिस्ट' या नावाने पुढे वाढले. या कामाशी मोहन तांबे यांचे नाव विशेषत्वाने जोडले जाते.

जिस्ट कार्डाची कल्पना जितकी साधी तितकीच प्रभावी होती. त्या काळी डॉस या कार्यप्रणालीवरील बहुतेक कार्यक्रम पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी अशा चौकटीत मजकूर दाखवत. कार्यक्रम केवळ संकेतांक पाठवी आणि त्या अंकाचे अक्षररूप हार्डवेअर ठरवी. संगणकाच्या खाचेत बसवलेले जिस्ट कार्ड नेमके या ठिकाणी मध्ये उभे राहत असे. १२८ च्या वरचे संकेत आले की ते देवनागरी समजून कार्ड त्यांची जोडाक्षरे जुळवी, वेलांटी योग्य जागी नेई आणि पडद्यावर मराठी उमटवी. डीबेस, लोटस किंवा वर्डस्टार या कार्यक्रमांना आपण मराठी हाताळत आहोत याचा पत्ताही नसे. मूळ कार्यक्रमात कसलाही बदल न करता मराठी नावांची यादी, पगारपत्रक किंवा सभासद नोंदवही तयार करता येऊ लागली. वीजमार्गाच्या उदाहरणातील दोन दाबांच्या गाडीसारखेच हे साधन होते.

६. इस्की : कार्डाहून दीर्घायुषी ठरलेला संकेत

जिस्टमागे इस्की ही संकेतप्रणाली होती. तिचे स्वरूप ऐंशीच्या दशकात घडत गेले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने तिला राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता दिली. बाइटमधील २५६ जागांपैकी पहिल्या १२८ आस्कीसाठी जशाच्या तशा राखून उरलेल्या जागांत भारतीय लिप्या बसवल्या होत्या. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णाला समान संकेतांक दिला होता. इन्स्क्रिप्ट हा कळफलकही याच तत्त्वावर, स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे, असा रचलेला आहे.

इस्कीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती अक्षराची आकृती साठवत नव्हती, वर्ण साठवत होती. 'क्ष' म्हणजे क, हलंत आणि ष. 'कि' म्हणजे आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, जरी कागदावर वेलांटी आधी दिसत असली तरी. उच्चाराचा क्रम तोच साठवणीचा क्रम, हे तत्त्व पाळल्यामुळे नावांची वर्णानुक्रमे मांडणी आणि शोध शक्य झाला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला होता. त्यामुळे इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचा रस्ता आरंभापासून मोकळा राहिला.

पुढे कार्डाचा आधारच गेला. विंडोज ही कार्यप्रणाली पडद्यावरील प्रत्येक अक्षर चित्र म्हणून स्वतः रेखाटते. त्यामुळे मध्ये उभे राहून अक्षर बदलण्याची जिस्ट कार्डाची जागाच नाहीशी झाली. १९९२ पासून 'पीसीआय' ही नवी खाच आली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयसा खाच सामान्य मदरबोर्डवरून लुप्त झाली. सुस्थितीतले कार्डही आता बसवायला जागा उरली नाही. कार्ड निरुपयोगी झाले, पण त्यावर लिहिलेल्या नोंदींचा संकेत जाहीर, लिखित आणि राष्ट्रीय मानक म्हणून उपलब्ध होता. म्हणून त्या नोंदी वाचवता येण्याजोग्या राहिल्या.

७. फाँटचे युग : न दिसणारी असंगती

विंडोजवर मराठीची गरज भागवण्यासाठी अनेक फाँट-संच बाजारात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी', बंगळुरूच्या सायबरस्केपचे 'आकृती' आणि सी-डॅकचेच 'आयएसएम' ही त्यांतील सुपरिचित नावे. त्यांचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, निमंत्रणपत्रिका आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांचे रूप या संचांनी पालटले. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या हातांना परिचित कळफलक त्यांनी उपलब्ध करून दिला, हेही त्यांच्या प्रसाराचे एक मोठे कारण होते.

परंतु मूळ युक्ती अशी की, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृतींचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच राही. दिसायला तेवढा मराठी असे. प्रत्येक उत्पादकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या सोयीने केली होती. त्यामुळे एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग समोर येई. शिवाय तुकडे दिसतात त्या क्रमाने साठवले जात. 'किरण' या नावाच्या आरंभी 'क' नसून वेलांटीचा तुकडा असे. अशा हजार सभासदांची यादी वर्णानुक्रमे लावण्यास सांगितल्यास संगणक प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देत असे.

चुकीची स्मृतिपट्टी खाचेत शिरत नाही, पण चुकीच्या संकेतातील मजकूर फाइलमध्ये निमूटपणे शिरतो. छापील कागद निर्दोष निघत असल्याने कार्यालयाला धोका जाणवत नाही. तो जाणवतो दहा-पंधरा वर्षांनी, संगणक बदलल्यावर. 'लेख अमुक फाँटमध्ये, सीडीसह पाठवावा' ही सूचना त्या काळातील शोधनिबंधांच्या आवाहनात नेहमी आढळे. त्या सीडींवरील मराठी संशोधनाचा मोठा भाग आज शोधयंत्रांना सापडत नाही. तो छापील अंकांत आहे, पण संगणकाच्या लेखी तो मराठी नाहीच.

८. नागरी सुविधा केंद्र : स्थानिक अनुभव

नव्या शतकाच्या आरंभी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नागरी सुविधा केंद्राच्या रूपाने संगणकीकृत सेवा सुरू केली. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले अशा सेवांसाठी वेगवेगळ्या खात्यांत फिरण्याऐवजी नागरिकाने एकाच केंद्रावर अर्ज द्यावा आणि मागची खाती संगणकजाळ्याने जोडलेली असावीत, अशी ही रचना होती. महाराष्ट्रातील नागरी ई-प्रशासनाचा तो आद्य व बहुचर्चित प्रयोग ठरला. राज्यातील इतर नगरपालिकांसाठी शासनाने तो नमुना म्हणून स्वीकारला.

सुसंगतीच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व असे की, त्याने प्रश्नाची पातळी बदलली. एकट्या खात्याचा संगणक स्वतःच्या फाँटवर चालू शकतो. कर खाते, आरोग्य खाते आणि प्रभाग कार्यालय एकाच माहितीसाठ्यावर काम करू लागले की नावाचे एकच लेखन आणि एकच संकेत अपरिहार्य होतो. अन्यथा एकच नागरिक तीन खात्यांत तीन व्यक्ती म्हणून वावरतो.

याच परिसराने २६ जुलै २००५ चा महापूरही अनुभवला. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या पाण्याने कल्याण, उल्हासनगर, बदलापूर हा पट्टा वेढला गेला. तळमजल्यावरील कार्यालयात पाणी शिरले की संगणक नवा घेता येतो, खतावणी मात्र दुसऱ्या ठिकाणी प्रत असेल तरच परत मिळते. आणि ती प्रत असूनही भागत नाही, ती वाचणारे यंत्र हवे. सव्वापाच इंची फ्लॉपी, साडेतीन इंची फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह या क्रमात प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची खिडकी बंद केली आहे. आज फ्लॉपी हाती आली तरी ती घालायला जागा असलेला संगणक सहसा मिळत नाही.

९. युनिकोडचा स्वीकार आणि 'ॲ' या अक्षराची कथा

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय कार्यप्रणालीतच अंतर्भूत झाली. मात्र नवी कार्यप्रणाली पेलणारे यंत्र घेतल्याशिवाय ती सोय लाभत नव्हती. त्यामुळे जुन्या यंत्रांच्या कार्यालयांत फाँट-संच दीर्घकाळ टिकून राहिले. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्यभर संगणक-साक्षरता पसरली, पण बोटांना जडलेली कळफलकाची सवय सहज सुटणारी नव्हती. हार्डवेअर तीन-चार वर्षांत बदलते, हातांची सवय मात्र नोकरीभर टिकते, हे सुसंगतीच्या चर्चेत अनेकदा विसरले जाते.

युनिकोडही आरंभी मराठीसाठी परिपूर्ण नव्हते. 'ॲ' हे मराठीत नित्य लागणारे अक्षर स्वतंत्र संकेतांकासह त्यात एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. तोपर्यंत 'अ' आणि चंद्रकोर यांची जोडणी करून ते लिहिले जाई. दिसायला दोन्ही रूपे सारखीच, पण संगणकाच्या लेखी भिन्न. म्हणून जुन्या मजकुरातील असा शब्द नव्या पद्धतीने शोधल्यास तो न सापडण्याची शक्यता आजही राहते. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोडची हीच ५.१ आवृत्ती व तिच्या पुढील सुधारणा मानक म्हणून जाहीर केल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व देवनागरी लेखन यांविषयीचा अद्ययावत शासन निर्णय काढला. लिपी आणि संकेत यांचे प्रमाणीकरण एकाच सुमारास व्हावे, हा योग मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. पुढे १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये समाविष्ट झाले. देयकांवर ते छापू इच्छिणाऱ्या दुकानांना त्यासाठी फाँट अद्ययावत करावा लागला. संकेत, कार्यप्रणाली, फाँट आणि छपाईयंत्र ही साखळी एका चिन्हाने सर्वांच्या लक्षात आणून दिली.

१०. वर्तमानकालीन संदर्भ

हा इतिहास संपलेला नाही. डॉसवर लिहिलेले हिशेबाचे जुने कार्यक्रम ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. त्यासाठी जुन्या यंत्राचे अनुकरण करणारी आज्ञावली वापरावी लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यालाही विवरणपत्रे संगणकजाळ्यावरून भरणे भाग पडले आणि 'जुना संगणक चालतो आहे तोवर चालवू' हे धोरण अपुरे ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर यांची अट घातली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. परिणामी उत्तम चालणारी अनेक यंत्रे अधिकृत अर्थाने असंगत ठरली. त्यांची विल्हेवाट हा ई-कचऱ्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, आयसा खाच नाहीशी होताना जिस्ट कार्डाचे जे झाले, तेच आता संपूर्ण संगणकाचे होत आहे.

११. निष्कर्ष

१. हार्डवेअर, संकेत आणि मानवी सवय हे सुसंगतीचे तीन थर असून त्यांचे आयुर्मान भिन्न आहे. हार्डवेअर सर्वांत अल्पायुषी असते. कार्यालयीन खरेदी मात्र बहुधा त्याच थराचा विचार करते.

२. जिस्ट कार्ड व फाँट-संच ही दोन्ही तात्कालिक साधने होती. कार्डावरील नोंदी जाहीर राष्ट्रीय मानकात असल्याने कार्डानंतरही वाचनीय राहिल्या. खाजगी संकेतांतील नोंदी त्या त्या उत्पादनाच्या आयुष्याशी बांधल्या गेल्या.

३. संक्रमणाचा भार प्रायः शेवटच्या वापरकर्त्यावर पडतो. जी संस्था लवकर संगणकीकरण करते, तिच्याकडे जुन्या संकेतातील नोंदीही अधिक साचतात. म्हणून आद्य स्वीकारकर्त्या संस्थांना रूपांतरासाठी वेगळी तरतूद लागते.

४. केवळ छापील प्रत निर्दोष असणे हे संगणकीकरणाच्या यशाचे लक्षण नव्हे. मजकूर शोधता येणे, वर्णानुक्रमे लावता येणे आणि दुसऱ्या यंत्रावर उघडता येणे या त्याच्या खऱ्या कसोट्या होत.

१२. समारोप

महाविद्यालयाच्या कार्यालयातील निकालपत्रे, पतसंस्थेची सभासद यादी किंवा पालिकेचे जन्मनोंदीचे पुस्तक यांचे आयुष्य पन्नास-शंभर वर्षांचे धरले जाते. त्यांना सांभाळणाऱ्या संगणकाचे आयुष्य दहा वर्षांचेही नसते. नवे तंत्रज्ञान कोणते घ्यावे, या प्रश्नाआधी आपल्याजवळच्या नोंदी कोणत्या संकेतात आहेत, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्यांच्या कपाटात जुन्या फाँटमधील सीडी आजही आहेत, त्यांनी ते फाँट चालवणारा एखादा संगणक जिवंत आहे तोवरच त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे इष्ट ठरेल. विठ्ठलवाडीवरून धावणारी गाडी विजेचा दाब बदलताना थांबली नाही, कारण बदलाआधी दुवा तयार होता. इस्कीच्या रूपाने तसा दुवा मराठी मजकुरालाही मिळाला होता. ज्यांनी तो वापरला त्यांच्या नोंदी पुढे गेल्या, आणि उरलेल्यांना तो आता मागाहून बांधावा लागणार आहे.